मनी घरी राहणार नाही

आदरणीय ताई,

न्यू जर्सीत चार वर्षं काढून गेल्या डिसेंबरात आम्ही फ्लोरिडातल्या टॅम्पाला आलो. घर भाड्याचं आहे, खाडीपासून दीडेक मैलावर. आमचा भाग 'झोन बी'मध्ये येतो असं घरमालक म्हणाले. घरात मी, नवरा (एच-वन-बी व्हिसावर), साडेतीन वर्षांचा मुलगा (जन्म जर्सीचा), चोवीस किलोंचा कुत्रा बंड्या, पुण्याहून आमच्याबरोबर आलेली नऊ वर्षांची मांजर मनी आणि मुलाचा एक फायटर मासा. जूनमध्ये सासू-सासरे अलिबागहून सहा महिन्यांसाठी येतायत.

हरिकेनबद्दल, म्हणजे इथल्या चक्रीवादळांबद्दल, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. शेजारी म्हणतात, १९२१ नंतर टॅम्पाला थेट तडाखा बसलेला नाही, काळजी करू नका. सासरे म्हणतात, निसर्ग वादळात आम्ही दारं लावून घरातच बसलो होतो. नवरा म्हणतो, वेळ आलीच तर बंड्याला घेऊन हॉटेलात जाऊ, पण मनी गाडीत सतत ओरडते, तेव्हा तिला तीन दिवसांचं खाणं-पाणी ठेवून घरीच राहू दे. बंड्या आपल्या गाडीत, आपल्या खोलीत असणार हे सासूबाईंना पटेल असं वाटत नाही. तयारी कुठून सुरू करू, कधी निघायचं, आणि मनीचं काय करायचं?

– टॅम्पातली एक वाचक

*

तुझं पत्र मे महिन्यात आलं याचं मला खरंच बरं वाटलं. हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, पण बहुतेकांचा फोन सप्टेंबरात येतो, मागे टीव्ही मोठ्याने चालू असतो आणि दुकानातलं पाणी संपलेलं असतं. अटलांटिकचा मोसम १ जूनला सुरू होऊन ३० नोव्हेंबरला संपतो, आणि त्याचा सगळ्यात जोराचा काळ १० सप्टेंबरच्या मागेपुढे असतो. तुझ्या हातात अजून वेळ आहे.

तू शेवटी विचारलेल्या गोष्टीचं उत्तर आधी देते. मनी घरी राहणार नाही.

तुझ्या नवऱ्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. मांजर घराला धरून असते, गाडीत तिचे हाल होतात, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, असा विचार भल्या माणसांच्याही मनात येतो. पण ते तीन दिवस कोणी ठरवले? आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो. २०१७च्या ऑगस्टमध्ये हार्वे नावाचं हरिकेन आलं, तेव्हा आमच्या गल्लीतलं एक कुटुंब अगदी हाच हिशेब करून निघालं. मांजर वरच्या मजल्यावर, मोठ्या वाडग्यात खाणं, दोन भांड्यांत पाणी. पाऊस थांबला, पण शहराच्या पश्चिमेचे जलाशय इतके भरले होते की त्यांतून पाणी सोडत राहावं लागलं, आणि आमच्याकडचे काही रस्ते त्यानंतरही कितीतरी दिवस पाण्याखाली होते. त्या कुटुंबाला घरी परतायला अकरा दिवस लागले. मांजर सापडली नाही. अजूनही त्यांच्या घरी हा विषय कोणी काढत नाही.

फ्लोरिडातलं उदाहरण हवं असेल तर २०२२चं इयन घे. २८ सप्टेंबरला ते फोर्ट मायर्सच्या बाजूला आलं आणि सॅनिबेल बेटाला जोडणारा रस्ताच तुटला. तिथल्या रहिवाशांना गाडीने घरी जाता आलं ते १९ ऑक्टोबरला. ज्या घरातून आपण तीन दिवसांसाठी निघतो, त्याचं दार तीन आठवड्यांनी उघडायला मिळू शकतं.

म्हणून माझं सांगणं असं, की घराची सगळी योजना मनीपासून सुरू कर. माणसं शेवटच्या तासाला निघाली तरी कुठेतरी, कोणाच्या तरी हॉलमध्ये पथारी टाकून झोपतात. कुत्रा-मांजराला घेणारी जागा मात्र सगळ्यात आधी भरते. मनीची आणि बंड्याची सोय लागली की कुठे जायचं, कधी निघायचं, किती गाड्या न्यायच्या, हे बाकीचे प्रश्न त्यातूनच सुटत जातात. उलट त्यांचा विचार सामानाच्या यादीत शेवटी केला, तर ऐनवेळी सगळं घर त्यांच्यापाशीच अडतं. २००५ साली कतरिनाच्या वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये असंख्य माणसांनी घर सोडायला नकार दिला, कारण जनावरं बरोबर न्यायला परवानगी नव्हती. त्या धक्क्यानंतर २००६मध्ये इथे केंद्रीय कायदा झाला. ज्या राज्यांना आणि काउंट्यांना (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) आपत्तीचा केंद्रीय निधी हवा, त्यांच्या योजनेत पाळीव जनावरांची व्यवस्था असलीच पाहिजे, असं त्यात आहे. तुमच्या काउंटीत जनावरांसकट राहता येणारे निवारे असतात ते त्यामुळेच. ते कोणते आणि आधी नाव नोंदवावं लागतं का, हे काउंटीच्या संकेतस्थळावर आत्ताच पाहून ठेव.

आता तुझ्या शेजाऱ्यांचं आणि सासऱ्यांचं.

शेजारी सांगतात ते १९२१चं साल खरं आहे, पण ते अर्धंच सांगतायत. २०२४च्या २६ सप्टेंबरला हेलीन वादळ टॅम्पात आलंच नाही. ते शंभरावर मैल दूर समुद्रातून उत्तरेला गेलं आणि पेरी गावाजवळ जमिनीवर चढलं. तरीही टॅम्पा खाडीत सहा-सात फूट पाणी चढलं, आणि शेजारच्या पिनेलास काउंटीत माणसं आपल्या घरातच बुडून गेली. पुढे दोनच आठवड्यांत, ९ ऑक्टोबरला, मिल्टन वादळ सारासोटाजवळ 'सिएस्टा की' नावाच्या बेटावर आलं. थेट तडाखा नाही म्हणून निर्धास्त राहिलेल्यांची त्या एका मोसमात दोनदा परीक्षा झाली.

सासऱ्यांशी मात्र वाद घालू नकोस. ३ जून २०२०ला अलिबागकरांनी जे सोसलं ते साधं नव्हतं. कौलं, पत्रे, पोफळी, आंबे, सगळं आडवं झालं होतं. जे घरात बसून राहिले ते काही उगाच बसले नव्हते, जांभ्याच्या भिंतींनी त्यांना वाचवलं. फक्त त्यांना एवढं समजावून सांग, की टॅम्पात घर सोडायला सांगतात ते वाऱ्यामुळे नव्हे, पाण्यामुळे. मेक्सिकोच्या आखाताचा हा किनारा लांबवर उथळ आहे. वादळ समुद्राचं पाणी पुढे ढकलत आणतं, त्या पाण्याला पसरायला खोली मिळत नाही, म्हणून ते जमिनीवर चढतं. इथे त्याला स्टॉर्म सर्ज म्हणतात. फोर्ट मायर्स बीचवर इयनच्या वेळी ते दहा ते पंधरा फूट होतं. त्यापुढे दार लावून उपयोग नाही. वाऱ्यापासून लपायचं आणि पाण्यापासून पळायचं, असं इथली जुनी माणसं सांगतात. कोकणातल्या माणसाला ते लगेच पटेल, कारण उधाणाची भरती काय असते हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

घरमालकाने सांगितलेला झोन तू स्वतः पत्ता टाकून तपासून घे. यात एक घोटाळा फार जण करतात. विम्याच्या कागदावर असतो तो फ्लड झोन, आणि घर सोडण्याच्या आदेशासाठी असतो तो इव्हॅक्युएशन झोन. दोन्ही नकाशे वेगळे आहेत, अक्षरंसुद्धा सारखी दिसतात. तुला दुसरा हवाय. तो ए ते ई असा आहे आणि ए सगळ्यात आधी निघतो. मिल्टनच्या वेळी तुमच्या हिल्सबरो काउंटीने ए आणि बी दोन्ही झोनना निघायला सांगितलं होतं. म्हणजे खरंच बी असेल तर निघावं लागणार हे धरूनच चाल. समजा तपासल्यावर घर कुठल्याच झोनमध्ये नसेल आणि बांधणी पक्की असेल, तर घरी थांबणं हेच शहाणपणाचं. अशा माणसांनी उगाच महामार्गावर गर्दी केली की ज्यांना खरंच पळायचंय ते अडकतात. २००५मध्ये रीटा वादळाच्या भीतीने आमचं ह्यूस्टन रिकामं झालं, तेव्हा उन्हात, गाड्यांच्या रांगांमध्ये आणि एका बसच्या आगीत मिळून शंभराहून जास्त माणसं गेली.

निघायचं म्हणजे फार लांब जायचं असंही नाही. तुला उधाणाच्या टप्प्याबाहेर जायचंय, राज्याबाहेर नाही. लेकलँड तीस-पस्तीस मैलांवर आहे, ऑरलँडो पंच्याऐंशीच्या आसपास. या आठवड्यात मराठी मंडळाच्या ग्रुपवर सरळ विचार: आतल्या भागात राहणारं, एक कुत्रा आणि एक मांजर दोन-चार रात्री चालतील असं कोणाचं घर आहे का? संकोच करू नकोस. मे महिन्यात विचारलं तर माणूस विचार करून खरं सांगतो. घरात कोणाला मांजराची ॲलर्जी आहे का, त्यांचा स्वतःचा कुत्रा आहे का, हे निवांतपणे बोलता येतं. ऐनवेळी विचारलं तर त्याला नाही म्हणता येत नाही, आणि मग सगळ्यांचीच पंचाईत.

ती झाली पहिली जागा. दुसरी हॉटेलची. हॉटेल 'पेट फ्रेंडली' आहे एवढ्यावर विसंबू नकोस. फोन करून तीन गोष्टी विचार: वजनाची मर्यादा किती, एका खोलीत किती जनावरं चालतात, आणि मांजर चालते का. कुत्रा चालतो पण मांजर नाही अशी हॉटेलं बरीच आहेत. तिसरी जागा काउंटीचा निवारा. तिथे प्रत्येक जनावराला स्वतःचा पिंजरा आणि रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. तीन जागा, तीन फोन नंबर, एका कागदावर लिहून फ्रिजवर लाव. फोनमध्ये तर ठेवच, पण कागदावर हवेच.

कधी निघायचं, हे तू विचारलंस ते फार मोलाचं आहे, कारण बहुतेक घरांमध्ये हा निर्णय कोणी घेतच नाही, तो लांबत जातो. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर जोराचा वारा पोचण्याच्या साधारण ४८ तास आधी 'वॉच' लावतं आणि ३६ तास आधी 'वॉर्निंग'. तुमच्या घराचा नियम असा असू दे: वॉच लागला की दोन्ही गाड्यांत सामान, पेट्रोल पूर्ण, मनी एका बंद खोलीत. आदेश आला की तासाभरात घराबाहेर. आदेशाची वाट न पाहता आधीच निघालात तरी काही बिघडत नाही, जनावरं बरोबर असताना तेच बरं. वारा वाढला की खाडीवरचे पूल बंद होतात, मग पश्चिमेकडचा माणूस तिकडेच राहतो. आणि एकदा निघून वादळ दुसरीकडे वळलं, तर फुकट गेलो असं कोणाला वाटू देऊ नका. इयनच्या वेळी सगळ्यांचे डोळे टॅम्पावर होते. ते वळलं दक्षिणेला, आणि जिथे लोक आपण वाचलो म्हणून बसले होते तिथेच गेलं. टीव्हीवर वादळाच्या वाटेचा जो पांढरा शंकू दाखवतात, तो वादळाचा आकार दाखवत नाही. त्याचं केंद्र कुठून जाण्याची शक्यता आहे तेवढंच दाखवतो, आणि दर तीन वेळांतून साधारण एकदा केंद्र त्या शंकूच्याही बाहेर जातं.

आता मनीला गाडीत न्यायचं कसं, ते. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आमचं चुकलं ते इथेच.

हार्वेच्या रात्री आमच्या अंगणात पाणी आलं तेव्हा आमची चिंगी पलंगाखाली शिरली. तिचा पिंजरा माळ्यावर होता. तो वर्षातून एकदा, डॉक्टरांकडे जाताना खाली यायचा, त्यामुळे त्याच्या दाराचा आवाज ऐकला की ती लपायची. आम्ही दोघांनी चाळीस मिनिटं घालवली. शेवटी मी तिला उशीच्या अभ्र्यात घालून, गाठ मारून छातीशी धरलं आणि आम्ही गुडघाभर पाण्यातून शेजाऱ्यांच्या बोटीपर्यंत गेलो. तिने माझ्या हाताला कडकडून चावा घेतला होता. मांजराचा दात खोलवर जातो आणि जखम लगेच चिघळते. पुढे आठवडाभर मला अँटिबायोटिक घ्यावं लागलं. त्या चाळीस मिनिटांत पाणी आणखी चढलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही फार वेळ करू शकत नाही.

म्हणून आज रात्रीच मनीचा पिंजरा कपाटातून खाली काढ. दार उघडं ठेवून तो हॉलच्या कोपऱ्यात ठेव, आत तिची आवडती चादर घाल. दोन-तीन दिवस काहीच करू नकोस. मग जेवणाची वाटी पिंजऱ्याजवळ, मग उंबऱ्यावर, मग आत. ती आत बसून निवांत जेवायला लागली की क्षणभर दार लाव आणि उघड. हळूहळू मिनिट, पाच मिनिटं. त्यानंतर पिंजरा गाडीत ठेवून गल्लीतून एक फेरी. यात तीन-चार आठवडे जातात, आणि तेवढे आहेत तुझ्याकडे. पुण्याहून जर्सीपर्यंत विमानात बसून आलेली मांजर लेकलँडपर्यंत नक्की जाईल. ती ओरडेल, ओरडू दे. ओरडणारी मांजर गाडीत आहे म्हणजे ती तुमच्याजवळ आहे. फारच घाबरत असेल तर डॉक्टरांकडून शांत करणारं औषध आत्ताच लिहून घे आणि एकदा घरी देऊन बघ, वादळाच्या दिवशी पहिल्यांदा नको. घरातलं माणसांचं औषध तिला कधीही देऊ नका. क्रोसिनची एक गोळी मांजराचा जीव घेते.

दोघांच्याही मायक्रोचिपवरचा पत्ता बहुधा अजून जर्सीचा असेल. तो बदल. चिप जनावराच्या अंगात असते, पण फोन नंबर कंपनीच्या नोंदीत असतो, आणि तो जुना असेल तर चिपचा काही उपयोग नाही. बंड्याच्या पट्ट्यावरचं बिल्लंही नवं करून घे. दोघांचे तुझ्याबरोबरचे फोटो काढून ठेव. हरवलेलं जनावर आपलंच आहे हे सांगायला एकत्र फोटो फार कामी येतो.

बंड्यासाठी घडीचा तारेचा पिंजरा, साखळीचा जोड, दोन आठवड्यांचं कोरडं खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात. पाणी चोवीस किलोंच्या कुत्र्याला दिवसाला दीड लीटरच्या आसपास लागतं, उन्हात जास्त. मनीच्या शी-शूच्या मातीसाठी स्वयंपाकाचे ते ॲल्युमिनियमचे टाकाऊ ट्रे घे, हलके असतात आणि फेकून देता येतात. लसीचे दाखले आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत.

माशाचं सगळ्यात सोपं. फायटर मासा पाण्याच्या वर येऊन हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे त्याला पंपाची गरज नाही. झाकणाची मोठी बरणी घे, त्याच्या टाकीतलंच पाणी पाऊण भर, वर हवेला जागा ठेव, झाकणाला भोकं पाड. त्या दिवशी त्याला खायला घालू नका. बरणी टॉवेलात गुंडाळून मुलाच्या पायाशी ठेव. लहान मुलाच्या हाती अशा वेळी एक जबाबदारी असली की तोही शांत राहतो.

सासूबाईंशी त्या आल्यावर पहिल्याच आठवड्यात बोल. तुमच्याकडे दोन गाड्या आहेत असं मी धरते. मग नवरा, सासू-सासरे आणि नातू एका गाडीत, मनीही त्यांच्याच गाडीत मागे, चादर झाकून, कारण बंड्याच्या शेजारी ती आणखी घाबरेल. बंड्या आणि तू दुसऱ्या गाडीत. मुक्कामी बंड्या त्याच्या पिंजऱ्यात झोपेल, सासूबाईंच्या अंथरुणाजवळ येणार नाही, हे त्यांना शब्द देऊन सांग आणि पाळ. आणि त्यांना एक काम दे. त्यांच्या दशम्या, सातूचं पीठ, पोहे, मेतकूट हे सगळं अशा वेळी फार कामी येतं. वीज गेली की विजेवरच्या शेगड्याही बंद पडणार, तेव्हा दडपे पोहे आणि गूळ घालून कालवलेलं सातूचं पीठ यांनी दिवस निघतात. फक्त बंड्याला त्यातलं काही देऊ नका असं सांगून ठेव. चिवड्यातला मनुका आणि कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखे असतात.

त्या दोघांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या सहा महिन्यांच्या असतील तर त्यातल्या पंधरा दिवसांच्या वेगळ्या काढून निघायच्या पिशवीत ठेव. प्रवासी विम्याचा कागदही.

कागदांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते, कारण आपल्याकडच्या फार जणांना ती माहीत नसते. घराच्या किंवा भाडेकरूच्या साध्या विम्यात पुराचं नुकसान येत नाही. पुराचा वेगळा विमा घ्यावा लागतो. भाडेकरूलाही फक्त सामानापुरता तो मिळतो, आणि सरकारी योजनेत तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. वादळाला नाव पडल्यावर घेऊन उपयोग नाही, याच महिन्यात घे. दुसरं, एच-वन-बीवर असलेल्यांना फेमाची (केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेची) रोख मदत मिळत नाही. पण तुमचा मुलगा इथला नागरिक आहे, त्याच्या वतीने तुम्ही अर्ज करू शकता. म्हणून त्याचा जन्मदाखला आणि सोशल सिक्युरिटी कार्ड तुमच्या पासपोर्ट आणि आय-७९७ (व्हिसाच्या मंजुरीचा कागद) इतक्याच जपून, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. निवारा, पाणी, जेवण ही तातडीची मदत सगळ्यांनाच मिळते, व्हिसा कुठलाही असो.

घराचं थोडक्यात. वादळात खिडक्यांवर लावायची पॅनेल कुठे आहेत आणि ती कोण लावणार, हे घरमालकाकडून लेखी घे. काचेला चिकटपट्टी लावून काही होत नाही. वादळात खिडकी किलकिली ठेवायची असते हेही खोटं आहे, सगळं बंद ठेवायचं. अंगणातल्या कुंड्या, खुर्च्या आत. माणशी दिवसाला चार लीटर पाणी, निदान सात दिवसांचं. टब भरून ठेवा, ते फ्लशसाठी, पण न्हाणीघराचं दार बंद, घरात लहान मूल आहे. फ्रीजरमध्ये पेलाभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेव. परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं, ते अन्न टाकून द्यायचं आणि बंड्याच्या हाती लागेल असं टाकायचं नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर ती बरोबर न्या किंवा उंच जागी लावा. खारं पाणी बॅटरीत शिरलं की नंतर आग लागते, हेलीननंतर ते घडलं आहे.

शेजाऱ्याने जनरेटर आणला आणि तुम्हालाही वायर देऊ केली, तर तो घरापासून वीस फुटांवर, मोकळ्यावर असेल तरच. गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. वादळ ओसरल्यावर दर वर्षी घरंच्या घरं त्याने झोपेत जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची जनावरंही. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तीसेक डॉलरना मिळतो.

परत आल्यावर बंड्याला लगेच मोकळं सोडू नकोस. कुंपण पडलेलं असतं, झाडं गेलेली असतात, ओळखीचे वास धुऊन गेलेले असतात, त्यामुळे स्वतःच्याच गल्लीत कुत्रा वाट चुकतो. साचलेलं पाणी त्याला पिऊ देऊ नका, पाय लगेच धुवा. मुंबईच्या पावसातला लेप्टो इथेही आहे आणि तो कुत्र्यांना होतो. त्याची लस दिली आहे का ते विचार. पुराच्या पाण्यात लाल मुंग्यांचे गोळे तरंगतात, साप आडोशाला येतात, तुटलेल्या तारा असतात. पायाला जखम असेल तर तुम्हीही त्या पाण्यात उतरू नका.

मिल्टन यायच्या दिवशी सकाळी टॅम्पाजवळ आय-७५ महामार्गाच्या कडेला, कुंपणाला बांधलेला एक कुत्रा सापडला. पाणी छातीपर्यंत आलं होतं आणि तो तसाच उभा होता. हायवे पेट्रोलच्या एका जवानाने त्याला सोडवलं. पुढे त्याचं नाव ट्रूपर ठेवलं, आणि २०२५मध्ये त्याच नावाने फ्लोरिडात कायदा झाला: आपत्तीत कुत्र्याला बाहेर बांधून सोडून जाणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड. हे तुला भीती घालायला लिहीत नाही. तो कुत्रा बांधणारा माणूसही त्या सकाळी कुठेतरी पळत होता, आणि कुत्र्याला कुठे न्यायचं हे त्याने आधी ठरवलेलं नव्हतं, एवढंच मला त्यात दिसतं.

जूनच्या शेवटच्या रविवारी, सासू-सासरे जरा रुळले की, एक रंगीत तालीम करा. घड्याळ लावा. पिशव्या, औषधं, कागद, बरणीतला मासा, बंड्या, मनी, सगळे गाडीत, आणि लेकलँडच्या एखाद्या बागेत जाऊन डबा खाऊन परत. काय विसरलं ते तिथेच कळेल. आणि घरी आल्यावर मला दोन ओळी लिही. मनी पिंजऱ्यात जायला किती मिनिटं लागली, तेवढं नक्की कळव.

– तुझी ताई